आईच्या मैत्रिणी

लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडून अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत आईची दोन नावे असतात. एक रेशनकार्डावरचे नि दुसरे शाळेच्या हजेरीपटावरचे. पहिले साऱ्या गल्लीला ठाऊक असते. दुसऱ्या नावाने हाक मारणारी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत जातात आणि शेवटी उरतात त्या आईच्या एकदोन बालमैत्रिणी. त्यांना आपण मावशी म्हणतो. नाते नसताना नाते लावून मोकळे होतो आणि या बाईला आपल्या आईविषयी आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरून जातो.

हे सुचण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी एम. ए. च्या अभ्यासासाठी अमेरिकेतील दक्षिणी राज्यांच्या कथा-कादंबऱ्या वाचताना ही 'मावशी' मला पुनःपुन्हा भेटली. आई नि मुलगी यांचे भांडण हा त्या साहित्याचा आवडता विषय आहे. बायकांची जन्मभर टिकलेली मैत्री हाही तितकाच आवडता. वर्गातील चर्चेत आम्ही हे दोन विषय निरनिराळे धरले होते. एका वर्गबंधूने तर, भांडण म्हणजे साहित्य आणि मैत्री म्हणजे नुसत्या बायकी गप्पा, असा निकालच देऊन टाकला. मला तो निकाल मान्य नाही. माझे म्हणणे असे की, हे दोन विषय मुळात एकच आहेत. आई-मुलीचे भांडण त्या दोघींत मिटूच शकत नाही, कारण मुलीला आईचे निम्मे आयुष्य माहीतच नसते. ते माहीत असते तिसऱ्या बाईला. ती साक्षीदार असते. मात्र साक्षीदार म्हणजे न्यायाधीश नव्हे. हा फरक ज्या लेखिकांनी ओळखला त्यांची पुस्तके मोठी झाली; ज्यांनी ओळखला नाही त्यांची पुस्तके नुसतीच खपली.

आता 'दक्षिणी' म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. नाहीतर दक्षिण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे केरळ-तामिळनाडू येते. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून संघराज्यातून फुटून निघालेली मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना इत्यादी राज्ये म्हणजे ही दक्षिण. युद्धात ती हरली, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, परंतु काळ्या लोकांना वेगळे ठेवणारे कायदे त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या चालले. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा येईपर्यंत त्यांना कायद्याचाच आधार होता. या मुलखात गोऱ्या घरातील स्त्रीला एका चौथऱ्यावर बसवले होते. तिने कसे बसावे, कसे हसावे, कोणत्या प्रसंगी हातमोजे घालावेत, काय ऐकू आले नाही असे दाखवावे, या साऱ्याचे एक शास्त्रच होते. ते शास्त्र शिकवण्याचे काम कोणाकडे? अर्थात आईकडे. चौथऱ्यावर बसलेल्या बाईनेच आपल्या मुलीला ओढून वर घ्यायचे. भांडण तिथेच सुरू होते. आपल्याकडे 'लोक काय म्हणतील' या तीन शब्दांत जे मावते तेच तिथे शंभर नियमांत पसरलेले आहे, एवढाच फरक.

मैत्रीण नसली म्हणजे या भांडणाचे काय होते हे पाहायचे असेल तर फ्लॅनरी ओ'कॉनर यांची 'गुड कंट्री पीपल' (१९५५) ही कथा वाचावी. ओ'कॉनर बाईंना ल्यूपसचा आजार होता. त्यामुळे १९५१ पासून १९६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या जॉर्जियातील मिलेजव्हिलजवळच्या मळ्यावर आपल्या आईच्या घरी राहिल्या. वारल्या तेव्हा त्यांचे वय अवघे ३९ होते. कथेतली मुलगी तत्त्वज्ञानाची डॉक्टर आहे, एका पायाने अधू आहे, लाकडी पाय लावते नि आईच्याच घरी राहते. आईने ठेवलेले 'जॉय', म्हणजे आनंदी, हे नाव टाकून तिने मुद्दाम 'हल्गा' असे कर्णकटू नाव घेतले आहे. आई ते नाव कधी उच्चारत नाही. दोघी एका टेबलावर जेवतात आणि एकमेकींशी एक अक्षर खरे बोलत नाहीत. या घरात मैत्रीण म्हणावी अशी कोणी नाही. आहे ती मळ्यावर राबणाऱ्या कुळाची चौकस बायको, जिला फक्त दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्यात रस. शेवटी बायबल विकणारा एक भामटा त्या विदुषीचा लाकडी पायच घेऊन पळतो. कथा विनोदी आहे असे म्हणतात. मी हसले, पण नंतर बराच वेळ ती आई मनातून जाईना. तिला कोणाकडे म्हणून बोलायला जागा नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाला रेबेका वेल्स यांची 'डिव्हाइन सीक्रेट्स ऑफ द या-या सिस्टरहुड' (१९९६) ही कादंबरी. हिच्या प्रती भरमसाट खपल्या, बायकांनी गावोगावी 'या-या' मंडळे काढली, २००२ साली चित्रपट निघाला. ('या-या'ला काही अर्थ नाही, तो अर्थ शोधण्यात माझे दोन दिवस गेले.) लुइझियानातील एका छोट्या गावात व्हिव्ही, टीन्सी, नेसी आणि कॅरो या चार मुली लहानपणी एका रात्री रक्ताची शपथ घेऊन बहिणी होतात आणि पुढे म्हातारपणापर्यंत राहतात. व्हिव्हीची मुलगी सिडा नाटके बसवणारी प्रसिद्ध दिग्दर्शिका आहे. एका मोठ्या वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत ती आपल्या बालपणाविषयी बोलते आणि छापून येते ते असे की, तिची आई मुलांना छळणारी बाई होती. आई संतापते, संबंध तोडते. मुलगी इतकी हादरते की ठरलेले लग्न पुढे ढकलते.

येथवरचे भांडण आपल्याला नवे नाही. नवे आहे ते पुढचे. बायकांच्या मैत्रीवरचे एक नाटक बसवायचे म्हणून सिडा आईकडे तिच्या मैत्रिणींच्या आठवणी मागते आणि आई एक जाडजूड चिकटवही टपालाने पाठवते. तीत तिकिटे आहेत, वाळलेली फुले आहेत, पत्रे, फोटो, कात्रणे आहेत. पण चिकटवही बोलत नाही. फोटोत हसणारी मुलगी कोणावर हसते आहे, हे फोटो सांगत नाही. म्हणून शेवटी त्या तिघी म्हाताऱ्या स्वतः सिडाकडे जाऊन तिला सांगतात: तुझ्या आईची आईच तिचा मत्सर करी, जो मुलगा तिला मनापासून हवा होता तो युद्धात गेला, पुढे मुले पदरात असताना तिचे मन एकदा पार मोडले, आणि त्या काळात तिच्या हातून तुम्हा मुलांना चामड्याच्या पट्ट्याचा मार बसला, तो का बसला. आईने हे स्वतः कधी सांगितले नसते. आई मुलीला सर्व काही सांगू शकते, पण आपण तिच्याएवढ्या असताना किती असहाय होतो हे सांगू शकत नाही. सांगितले तर आईपण कुठे उभे करायचे? मैत्रिणीला ती अडचण नाही.

इथपर्यंत वेल्सबाईंना पैकीच्या पैकी गुण. परंतु त्यानंतर पुस्तक घाई करते, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्ष झाली की लगेच सूर्यफुले, संगीत, लग्न नि मिठ्या. जणू कारण समजले म्हणजे वळ गेले. मजा अशी की, याच लेखिकेने याच कुटुंबावर आधी 'लिटल अल्टर्स एव्हरीव्हेअर' (१९९२) हे पुस्तक लिहिले होते. त्यात हीच व्हिव्ही आहे, हीच मुले आहेत. पण तिथला मुलांवरचा अत्याचार अधिक उघडा आणि अधिक भीषण आहे, आणि मोठी झालेली मुले त्यातून सुटलेली नाहीत. ते पुस्तक आधी वाचलेल्याला दुसऱ्या पुस्तकातल्या मिठ्या तितक्याशा पटत नाहीत. आणि पहिल्या पुस्तकात आणखी एक साक्षीदार बोलते. ती त्या घरात राबणारी काळी बाई, विलेटा. चार मैत्रिणी खाडीवर पोहत, पत्ते कुटत, पेले भरत बसत, तेव्हा मुलांचे जेवणखाण कोणी पाहिले? मार बसला तेव्हा मुलांच्या बाजूला कोण उभे होते? त्या चौघींची मैत्री आयुष्यभर टिकली याचे एक कारण असे की, तिच्यासाठी लागणारा वेळ दुसऱ्या एका बाईने आपल्या आयुष्यातून दिला होता. विलेटाला रक्ताची शपथ घ्यायला कोणी बोलावले नाही. दक्षिणेतल्या गोऱ्या बायकांच्या मैत्रीच्या गोड गोष्टी वाचताना स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा पाहावे, अशी माझी सवय आता झाली आहे.

यूडोरा वेल्टी यांची 'दि ऑप्टिमिस्ट्स डॉटर' (१९७२) ही दोनशेही पाने नसलेली कादंबरी मला या सर्वांत थोर वाटते. तिला १९७३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. वेल्टी १९०९ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन शहरी जन्मल्या आणि तिथल्या आपल्या वडिलांच्या घरात राहूनच २००१ मध्ये वारल्या. कादंबरीतील लॉरेल वडिलांच्या आजारपणासाठी शिकागोहून येते. वडील जातात. घर आता त्यांच्या तरुण, उथळ, दुसऱ्या बायकोचे होणार. तिथे गावातल्या लॉरेलच्या मैत्रिणी जमतात. तिच्या लग्नातल्या त्या सहा पाठराखणी, लग्नाला कितीतरी वर्षे लोटली, नवरा महायुद्धात गेला, तरी गाव त्यांना अजून 'पाठराखणी'च म्हणते! आईच्याही मैत्रिणी येतात. लॉरेल बागेत तण उपटते आहे आणि चार म्हाताऱ्या जवळ बसून गेलेल्या माणसांविषयी बोलत आहेत, असे एक प्रकरण आहे. त्यांना सारे माहीत आहे. पण त्या बोलतात ते वरवरचे, हसण्यावारी नेण्याजोगे, कुणी कुणाचे किती ऐकले, कुणाचा स्वभाव कसा. लॉरेल खाली मान घालून ऐकते.

वेल्सबाईंच्या कादंबरीत जे मैत्रिणी सांगतात ते इथे मैत्रिणी सांगत नाहीत, सांगू शकत नाहीत. लॉरेलच्या आईने शेवटच्या आजारात, दृष्टी गेलेली असताना, मुलीलाच दोष दिला होता की तू मला वाचवू शकली असतीस आणि वाचवले नाहीस. मरणाऱ्या आईचे असे शब्द घेऊन मुलीने पुढची वर्षे कशी काढायची? या शब्दांना गावातल्या कोणत्याच मावशीकडे उत्तर नाही. मग एका वादळी रात्री, घरात शिरलेल्या पाखराच्या भीतीने लॉरेल आईच्या खोलीत कोंडून घेते आणि तिला आईची जुनी पत्रे सापडतात. आईची आई दूर वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात एकटी असे. तिने लिहिलेल्या पत्रात नातीला वाढदिवसाला आपल्या कबुतरांतले एक पाठवावे असे मनात आल्याचे एक साधे वाक्य आहे. ते वाचून लॉरेल रडते. मी या पानाशी थांबले, कारण इथे क्षमा नाही, खुलासा नाही. आईच्या आरोपाला उत्तरही नाही. फक्त आईलाही आई होती आणि तिलाही तिला मरताना वाचवता आले नव्हते, एवढे मुलीला कळते. दुसऱ्या दिवशी लॉरेलला स्वयंपाकघरात पाव करण्याची लाकडी फळी दिसते. ती तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने तिच्या आईसाठी बनवलेली. सावत्र आईने तिच्यावर अक्रोड फोडून तिची वाट लावलेली. लॉरेल ती फळी उगारते, मारीत नाही, खाली ठेवते आणि घर सोडून जाते. फळीही नेत नाही.

मग वेल्टींच्या कादंबरीत मैत्रिणींचे काम काय, असे विचाराल. माझ्या मते, निरोप देण्याचे. त्या पाठराखणी तिला स्टेशनावर पोचवावे तशा गाडीतून विमानाकडे घेऊन जातात. प्रत्येक साक्षीदाराने तोंड उघडलेच पाहिजे असे थोडेच आहे? काहींनी नुसते सोबत असावे.

काळ्या लेखिकांकडे वळले की चित्र पालटते. तिथे चौथरा नाही, दासी नाही. झोरा नील हर्स्टन यांच्या 'देअर आइज वेअर वॉचिंग गॉड' (१९३७) मध्ये जेनीची आई तिला टाकून गेली आहे. वाढवते ती आजी. आजी गुलामगिरीत जन्मलेली. मुलीला सुरक्षितता म्हणजे काय, तर साठ एकर जमीन असलेला नवरा, हे तिचे गणित. ते चुकीचे नव्हते, पण जेनीचे नव्हते. पुढे जेनीच्या ध्यानात येते की आपण या आजीचा द्वेष करतो. आईविषयीचा असा द्वेष इतक्या शांतपणे १९३७ साली छापला गेला, याचे मला अजून आश्चर्य वाटते. आणि हे सारे ती सांगते कोणाला? मैत्रिणीला. चाळिशीतली जेनी गावात परत येते, ओसरीवर बसलेले लोक कुजबुजतात, आणि फीबी नावाची तिची जुनी मैत्रीण झाकलेल्या भांड्यात भात घेऊन मागल्या दारी येते. दोघी अंधार पडेपर्यंत बसतात आणि कादंबरी म्हणजे ते बोलणेच. गावाला काय सांगायचे ते फीबीने सांगावे, इतका जेनीचा तिच्यावर विश्वास. माझ्या वर्गबंधूने ज्यांना बायकी गप्पा म्हटले त्या ह्याच. हे पुस्तक मधली कित्येक वर्षे विस्मृतीत गेले होते. ते पुन्हा वाचले जावे म्हणून झटणाऱ्यांत ॲलिस वॉकर होत्या. फ्लोरिडात हर्स्टन यांच्या बेवारशी थडग्यावर त्यांनी १९७३ साली दगड बसवला. वॉकर हर्स्टनना कधी भेटल्या नव्हत्या. यालाही मी मैत्रीच म्हणेन.

फॅनी फ्लॅग यांच्या 'फ्राइड ग्रीन टोमॅटोज ॲट द व्हिसल स्टॉप कॅफे' (१९८७) विषयी एकच सांगते. मारकुट्या नवऱ्याच्या घरी अडकलेली रूथ आपल्या मैत्रिणीला, इजीला, पत्र लिहीत नाही. बायबलातल्या रूथच्या पुस्तकाचे एक पान फाडून पाठवते. तू जाशील तिथे मी येईन, अशा अर्थाचे ते वचन. गंमत अशी की मूळ कथेत ते शब्द प्रियकराला नाहीत, मैत्रिणीलाही नाहीत, विधवा सुनेने आपल्या सासूला म्हटलेले आहेत. आमच्या घरी हे सांगितले तेव्हा बराच वेळ हशा चालला होता.

हसू मावळवणारे पुस्तक म्हणजे डॉरोथी ॲलिसन यांचे 'बास्टर्ड आउट ऑफ कॅरोलायना' (१९९२). गोरे, पण अत्यंत गरीब घर. सावत्र बाप मुलीवर अत्याचार करतो, आणि आई, जी मुलीवर खरोखर प्रेम करते, शेवटी त्या बापाबरोबरच निघून जाते. मुलगी उरते रेलीन मावशीपाशी. इथे मावशी सख्खी आहे. जाण्यापूर्वी आई मुलीच्या हाती तिच्या जन्माचा दाखला देते. त्यावर 'अनौरस' हा शिक्का नाही. तो काढून घेण्यासाठी ती बिचारी वर्षानुवर्षे कचेरीत खेटे घालत होती. मुलीला हवी होती आई, मिळाला कागद. मावशी तिला जवळ घेते, आईला शिव्या देत नाही, पण क्षमा कर असा आग्रहही धरत नाही. साक्षीदाराने इतकेच करावे. व्हिव्हीच्या त्या तिघी मैत्रिणींनी सिडाला आईची हकीकत सांगितली ते योग्यच केले. तिला माफीच्या दाराशी नेऊन उभे केले ते त्यांचे काम नव्हते.

आता एक गोष्ट आपल्याकडची. व्हिव्ही, टीन्सी, नेसी नि कॅरो एकाच गावात जन्मल्या, एकाच गावात लग्न करून राहिल्या, एकाच गावात म्हाताऱ्या झाल्या. लॉरेलच्या पाठराखणीही गावातच. आपल्या आयांच्या पिढीत मुलगी दिली जायची ती दुसऱ्या गावी. माझ्या आईच्या दहावीच्या वर्गातल्या मुली खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कोल्हापूर, धारवाड अशा पांगल्या. त्यांपैकी एक मावशी काय ती आम्हांला माहीत आहे. तेव्हा आपल्या कथा-कादंबऱ्यांत आई-मुलीचे भांडण घराच्या चार भिंतींत घुटमळते आणि ही तिसरी बाई क्वचितच दिसते, याचे कारण लेखकांच्या कल्पनाशक्तीत नसून लग्न जुळवण्याच्या रीतीत आहे, असे मला वाटते. निदान मराठीपुरते. कन्नडमध्ये काय आहे ते मला पुरेसे ठाऊक नाही. याच अंकाच्या पलीकडल्या विभागात लिहिणाऱ्या मैत्रिणींपैकी कोणी, आईच्या मैत्रिणीने मुलीला आई सांगितली अशी कन्नड कथा वाचली असेल, तर पुढल्या अंकात जरूर लिहावे. मी कन्नड अक्षरे जोडून वाचते, वेळ लागतो, पण वाचीन.